गरम खडकांतली ऊर्जा शोधताना: परवान्याच्या अर्जापासून प्रवाह-चाचणीपर्यंत

उथळ बोअरमध्ये तापमान मोजलं, किलोमीटरमागे ५० अंश वाढ दिसली, तिला चारने गुणलं, वरचे २५ अंश मिळवले आणि ‘चार किलोमीटरवर २२५ अंश’ असं अर्जात लिहून टाकलं. गरम खडकांच्या शोधात सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच. त्याच बोअरचे आकडे नीट मांडले तर उत्तर १६० च्या आसपास येऊ शकतं. तो हिशेब टप्पा ४ मध्ये दिला आहे.

दुसरी नेहमीची चूक क्रमाची. भूकंपमापक बसतात ते पाणी सोडायच्या आठवड्यात. पहिल्या विहिरीचा निकाल हाती येण्याआधीच दुसरीची रिग (खोदाईचं यंत्र) ठरते. परवान्याच्या मुदतीत बोअरचं तापमान स्थिरावण्यासाठी वेळच ठेवलेला नसतो.

इथे विचार केला आहे तो घट्ट, जवळपास कोरड्या खडकाचा, म्हणजे मुख्यतः ग्रॅनाइटचा. त्यात खेळवायचं पाणी वरून सोडावं लागतं: एका विहिरीतून दाबाने सोडलेलं पाणी भेगा उघडतं, त्यांतून जाताना तापतं आणि दुसऱ्या विहिरीतून वर येतं. गरम झरे आणि वाफेची क्षेत्रं यांची पद्धत वेगळी आहे, ती इथे लावू नका.

## टप्पा १: उष्णता कोणत्या कायद्याखाली येते ते आधी पाहा

जमिनीखालची उष्णता हे खनिज, पाणी, तेल-वायूसारखं संसाधन की यांपैकी काहीच नाही, याचं उत्तर देशागणिक बदलतं. दक्षिण ऑस्ट्रेलियात पेट्रोलियम आणि भूऔष्णिक ऊर्जा एकाच कायद्याखाली येतात, जर्मनीत ती खाणकायद्यात बसते, तर न्यूझीलंडमध्ये पाण्यासारख्या नैसर्गिक संसाधनांच्या कायद्यात. अर्ज कोणत्या खात्याकडे जाणार, हे त्यावरच ठरतं.

अर्ज भरण्याआधी चार गोष्टी लेखी मिळवा:

1. शोध परवान्यातून पुढे उत्पादन परवान्याचा हक्क मिळतो का, की तेव्हा पुन्हा लिलाव होतो.
2. त्याच क्षेत्रावर खनिज, तेल किंवा भूजलाचा दुसऱ्या कोणाचा परवाना आहे का, आणि असल्यास कोणाचं काम आधी.
3. ठरावीक वर्षांनी किती क्षेत्र सोडून द्यावं लागतं.
4. विहीर बंद करण्यासाठी किती हमी रक्कम ठेवायची आणि ती केव्हा परत मिळते.

पाणी उपसण्याची, वापरलेलं पाणी साठवण्याची आणि ते पुन्हा जमिनीत सोडण्याची परवानगी बहुतेक ठिकाणी निराळी असते. शोध परवाना हातात आला म्हणजे ती आपोआप आली, असं धरून चालू नका. रिग येऊन उभी आणि पाण्याची परवानगी अडकलेली, म्हणजे रिगचं भाडं रोज चढत राहतं.

सावधान: परवान्याच्या कार्यक्रमात ‘पहिल्या वर्षी पाच बोअर, दुसऱ्या वर्षी खोल विहीर’ असं बांधून घेऊ नका. मधल्या निर्णयासाठी अट टाका: उष्णता प्रवाह (दर चौरस मीटरमधून वर येणारी उष्णता) अमुक आकड्याच्या खाली आला तर खोल विहीर रद्द. तो आकडा मोजमापाआधी ठरलेला असावा. मोजल्यावर ठरवलेला आकडा नेहमी सोयीचाच निघतो.

## टप्पा २: कागदावरचा शोध

तीन गोष्टी एकत्र हव्यात: उष्णता निर्माण करणारा ग्रॅनाइट, त्यावर उष्णता अडवून धरणारं जाड पांघरूण, आणि खडकातल्या ताणाची दिशा. पहिलीवर सगळ्यांचं लक्ष असतं, दुसरी निम्मे लोक विसरतात आणि तिसरी जवळजवळ सगळेच.

ग्रॅनाइट किती उष्णता निर्माण करतो ते त्यातल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून काढता येतं. युरेनियमच्या पीपीएमला (दहा लाखांतले भाग) ९.५२ ने, थोरियमच्या पीपीएमला २.५६ ने आणि पोटॅशियमच्या टक्क्यांना ३.४८ ने गुणा. तिन्हींची बेरीज खडकाच्या घनतेने (किलो प्रति घनमीटर) गुणा आणि एक लाखाने भागा. उत्तर मायक्रोवॅट प्रति घनमीटरमध्ये येतं. युरेनियम ४, थोरियम १८, पोटॅशियम ३.५ टक्के आणि घनता २,६५० असेल तर साधारण २.५ येतात, म्हणजे सर्वसाधारण ग्रॅनाइट. युरेनियम १५, थोरियम ६० आणि पोटॅशियम ४.५ टक्के असेल तर ८ च्या वर जातात. असा खडक लक्ष देण्याजोगा.

उघड्यावरच्या, झिजलेल्या खडकाचा नमुना घेऊ नका. पावसापाण्याने युरेनियम निघून गेलेलं असतं आणि आकडा कमी येतो. ताज्या फोडीचा किंवा कोअरचाच (बोअरमधून अखंड काढलेल्या खडकाच्या दंडगोलाचा) नमुना घ्या.

वर उघडा पडलेला गरम ग्रॅनाइट फारसा कामाचा नसतो, त्याची उष्णता वर निसटून जाते. त्यावर दोन-तीन किलोमीटर शेल (चिकणमातीपासून झालेला थरांचा खडक) आणि कोळशासारखे मंदवाहक थर असतील तर तोच खडक खाली तापून राहतो.

## टप्पा ३: उथळ बोअर आणि तापमानाची नोंद

बोअर २५० ते ३०० मीटरचं घ्या. वरच्या १५-२० मीटरमध्ये ऋतूंप्रमाणे तापमान हलतं, तो भाग हिशेबातून वगळायचाच. शंभर मीटरच्या बोअरवर भूजलाचा आणि डोंगरउताराचा इतका परिणाम असतो की त्यातून हाती काही लागत नाही.

1. कोअर काढत बोअर घ्या, निदान खालचे दोन तृतीयांश तरी.
2. तळ बंद केलेली नळी आत सोडा. तळाशी ५० अंशांच्या वर तापमान अपेक्षित असेल तर प्लास्टिकची नको, पोलादी घ्या.
3. नळी आणि बोअरची भिंत यांमधली पोकळी तळापासून वरपर्यंत सिमेंटच्या घोळाने भरा. ही पायरी टाळाल तर एका थरातलं पाणी दुसऱ्या थरात उतरत राहील आणि तुम्ही त्या पाण्याचं तापमान मोजत बसाल.
4. नळीत पाणी भरा, झाकण लावा, कुलूप घाला.
5. थांबा.

सिमेंटच्या पायरीकडे मोजमापाच्या पलीकडेही काळजीने पाहावं लागतं. जर्मनीतल्या श्टाउफेन गावात २००७ मध्ये इमारतीसाठी घेतलेल्या सुमारे १४० मीटरच्या भूऔष्णिक बोअरांमधून भूजल अ‍ॅनहायड्राइटच्या थरापर्यंत पोहोचलं. पाणी लागताच अ‍ॅनहायड्राइटचं जिप्सम होतं आणि ते फुगतं. जमीन वर उचलली गेली आणि दोनशेहून अधिक इमारतींना तडे गेले. थरांत अ‍ॅनहायड्राइटची शंका असेल तर त्याच्या वरच थांबा.

आता थांबण्याबद्दल. खोदताना फिरवलेल्या पाण्याने बोअरची भिंत वरच्या भागात तापते आणि खाली थंड होते. ती पूर्ववत व्हायला खोदकामाच्या दहा ते वीसपट वेळ लागतो, असा ढोबळ हिशेब आहे. दहा दिवस खोदलं असेल तर तीन महिने निघून जातात. घाई असेल तर एक नोंद महिन्याने आणि दुसरी दोन महिन्यांनी घ्या. तळाशी दोन्हींत ०.१ अंशापेक्षा जास्त फरक असेल तर बोअर अजून सावरलेलं नाही.

मोजताना:

- थर्मिस्टर (तापमान मोजणारा संवेदक) आधी बर्फाच्या पाण्यात आणि एका गरम, ज्ञात तापमानाच्या पाण्यात तपासा. ०.०१ अंशाचा फरक दाखवणारं उपकरण हवं.
- नोंद खाली उतरताना घ्या. वर ओढताना नको, कारण केबलने पाणी ढवळलेलं असतं.
- दर ५ मीटरला थांबा आणि आकडा स्थिर झाला की लिहा.
- पाण्याच्या पातळीच्या वर, हवेतल्या नोंदी सोडून द्या. हवेत थर्मिस्टर फारच सावकाश स्थिरावतो.

तपासा: खोलीनुसार तापमानवाढ दाखवणारी रेघ वरच्या भागात जवळजवळ सपाट आणि खाली तीव्र होत जात असेल, तर थंड पाणी खाली मुरतं आहे. वर फार तीव्र आणि खाली मंद असेल तर गरम पाणी वर चढतं आहे. दोन्ही प्रसंगी ते बोअर उष्णता प्रवाहाच्या हिशेबातून बाहेर ठेवा. विशेषतः दुसऱ्या प्रकारचं, कारण त्याचा आकडा फार मोहात पाडतो.

## टप्पा ४: वाहकता, आणि मगच गुणाकार

उष्णता प्रवाह म्हणजे तापमानवाढीचा दर गुणिले खडकाची वाहकता. दर तुम्ही बोअरमध्ये मोजलात, वाहकता मात्र प्रयोगशाळेत मोजावी लागते. पुस्तकातला आकडा घेऊ नका. शेलचा १.५ ते २, ग्रॅनाइटचा २.५ ते ३.५ आणि कोळशाचा ०.३ च्या आसपास (एकक वॅट प्रति मीटर प्रति अंश) ही फक्त अंदाजाची चौकट आहे.

कोअर बाहेर येताच वीस सेंटीमीटरचे तुकडे प्लास्टिकच्या पातळ कागदात घट्ट गुंडाळा, वर चिकटपट्टी लावा आणि खोली व वरची दिशा बाणाने लिहा. पेटीत उन्हात पडून वाळलेला सच्छिद्र खडक कमी वाहकता दाखवतो, कारण भोकांत पाण्याच्या जागी हवा आलेली असते. बाण यासाठी, की शेलमधून उष्णता थरांना समांतर जास्त आणि थर छेदणाऱ्या दिशेने कमी वाहते. आपल्याला उभी वाहकता हवी.

आता सरासरी. शंभर मीटरमध्ये ९० मीटर वालुकाश्म (वाहकता ३.०) आणि १० मीटर कोळसा (०.३) आहे. साधी सरासरी २.७३ येते, पण ती चूक आहे. उष्णता एकामागून एक थर ओलांडत येते, म्हणून प्रत्येक थराची जाडी भागिले वाहकता अशी बेरीज करा: ९० भागिले ३ म्हणजे ३०, १० भागिले ०.३ म्हणजे ३३.३, मिळून ६३.३. शंभरला त्याने भागा, उत्तर १.५८. दहा मीटर कोळशाने सगळ्या थरसमूहाची वाहकता निम्म्याजवळ आणली. कोअरचं वर्णन करणाऱ्याने कोळशाच्या पातळ पट्ट्या ‘किरकोळ’ म्हणून गाळल्या, की पुढचा सगळा हिशेब गेला.

लेखाच्या सुरुवातीचं उदाहरण आता पुरं करू. ३०० मीटरचं बोअर शेलमध्ये आहे, वाहकता १.६ आणि वाढ किलोमीटरमागे ५० अंश. प्रवाह ८० मिलिवॅट प्रति चौरस मीटर. खंडांची सरासरी ६५ च्या आसपास असते, तेव्हा हा आकडा चांगलाच. शेल दीड किलोमीटरपर्यंत आहे. पृष्ठभागाचे २५ अंश धरले तर तिथे १०० अंश. त्याखाली ग्रॅनाइट, वाहकता ३.०. तो उष्णता लवकर पुढे पाठवतो, म्हणून त्यातली वाढ किलोमीटरमागे फक्त २६.७ अंश. अडीच किलोमीटरला ६७ अंश झाले. ग्रॅनाइट स्वतः घनमीटरमागे ५ मायक्रोवॅट निर्माण करत असेल, तर खालून येणारा प्रवाह तितका कमी होतो आणि आणखी सुमारे ५ अंश वजा होतात. चार किलोमीटरवर १६२ अंश.

ग्रॅनाइट तापला की त्याची वाहकता घटते, त्यामुळे काही अंश परत मिळतात. पण २२५ काही येत नाहीत.

तपासा: एकाच बोअरमधल्या प्रत्येक खडकथरासाठी प्रवाह वेगवेगळा काढा. आकडे १०-१५ टक्क्यांत जुळायला हवेत. जुळत नसतील तर पाणी वाहतं आहे किंवा वाहकता चुकली आहे. सरासरी काढून हा प्रश्न झाकू नका.

## टप्पा ५: पहिली खोल विहीर

खोल विहिरीत महिनोन्महिने थांबता येत नाही. मडचं (खोदताना फिरवायच्या चिखलपाण्याचं) अभिसरण थांबवल्यावर एकाच खोलीवर किमान तीन नोंदी घ्या, उदाहरणार्थ ६, १२ आणि २४ तासांनी, आणि हॉर्नर आलेखावरून (वेळेनुसार नोंदी मांडून त्या शेवटी कुठे स्थिरावतील ते दाखवणारा आलेख) स्थिर तापमान काढा. एकच नोंद घेऊन तिलाच खडकाचं तापमान म्हणू नका, ती जवळजवळ नेहमी कमी असते.

केसिंगच्या (विहिरीला आतून लावायच्या पोलादी नळीच्या) बाबतीत तेल-विहिरींची सवय नडते. पोलाद अंशामागे मीटरला सुमारे १२ मायक्रोमीटर लांबतं. ३,००० मीटर मोकळी नळी १०० अंशांनी तापली तर ३.६ मीटर वाढते. म्हणून सिमेंट तळापासून पृष्ठभागापर्यंत अखंड हवं. दोन केसिंगांच्या मध्ये पाण्याचा एखादा कप्पा राहिला, तर तापल्यावर ते पाणी आतली नळी चेपून टाकतं. साधं सिमेंट ११० अंशांच्या वर हळूहळू ताकद गमावतं, त्यात ३५ ते ४० टक्के सिलिका भुकटी मिसळा.

विहिरीच्या भिंतीचं चित्रण न विसरता घ्या. भिंतीच्या ढपल्या कोणत्या बाजूंनी पडल्या आणि खोदताना चिरा कोणत्या दिशेला गेल्या, यावरून ताणाची दिशा कळते. पाणी सोडल्यावर भेगा उभ्या पसरतील की आडव्या, हे ताणावर ठरतं, आणि दुसरी विहीर कुठे हवी हेही.

सावधान: खोदताना मड अचानक मोठ्या प्रमाणात हरवलं तर ‘चला, भेगा मिळाल्या’ म्हणून आनंद नको. दक्षिण कोरियात पोहांगला साधारण ३,८०० मीटरवर असंच मड हरवलं होतं. ती प्रस्तरभंगाची (ज्या चिरेवर खडक सरकतो तिची) खूण होती, हे पुढे भूकंपानंतरच्या तपासात स्पष्ट झालं. अशा वेळी काम थांबवून त्या भंगाची दिशा ताणाशी जुळते का, ते आधी पाहा.

## टप्पा ६: पाणी सोडण्याआधी आणि सोडताना

भूकंपमापक किमान सहा महिने आधी बसवा, वर्ष मिळालं तर उत्तम. तिथे मुळात किती हादरे होतात हे माहीत नसेल, तर नंतरचा कोणता तुमचा आणि कोणता निसर्गाचा, हे सांगता येणार नाही. काही मापक बोअरमध्ये खाली ठेवा, नाहीतर वाहतुकीच्या गोंगाटात लहान हादरे बुडतात. आसपासच्या इमारतींच्या भिंतींचे तडे आधीच फोटोसह नोंदवून ठेवा.

मग दिव्यांची पद्धत ठरवा: हिरवा म्हणजे काम चालू, पिवळा म्हणजे दाब कमी, लाल म्हणजे बंद. ही पद्धत सगळे लिहितात, आणि बहुतेक लाल दिवा फार वर ठेवतात. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात डिसेंबर २००६ मध्ये सहा दिवसांत सुमारे ११,५०० घनमीटर पाणी सोडलं. हादरे वाढल्यावर विहीर बंद केली, आणि बंद केल्यानंतर काही तासांनी ३.४ तीव्रतेचा धक्का बसला. पंप थांबला तरी आतला दाब पसरतच असतो. म्हणून सोसता येईल असा धक्का आधी ठरवा आणि लाल दिवा त्याच्या किमान एक एकक खाली ठेवा. एक एकक म्हणजे ऊर्जेत सुमारे ३२ पट फरक.

हेलसिंकीजवळ २०१८ मध्ये ६ किलोमीटरहून खोल विहिरीत १८,००० घनमीटरच्या वर पाणी गेलं. लाल मर्यादा २.१ आधीच ठरलेली होती. हादऱ्यांकडे पाहत पाण्याचा वेग आणि विश्रांती बदलत गेले. सर्वांत मोठा हादरा १.९ चा राहिला.

पण जवळ मोठा, ताणलेला भंग असेल तर दिवे पुरत नाहीत. पोहांगचा ५.५ तीव्रतेचा भूकंप १५ नोव्हेंबर २०१७ ला झाला, शेवटचं पाणी सोडून जवळपास दोन महिने झाल्यावर. हादरे एका सपाट पृष्ठावर रांगेने उमटू लागले, तर त्यांची तीव्रता कितीही कमी असली तरी तो लाल दिवा समजा.

पाणी सोडण्याच्या दिवशी हे हाताशी असू द्या:

- ‘बंद’ म्हणायचा अधिकार असलेली एक व्यक्ती, पाळीगणिक नावाने. खर्चाची जबाबदारी असलेला माणूस हा नसावा.
- दाब सोडून द्यायची वेळ आली तर परत येणारं पाणी मावेल अशी टाकी किंवा अस्तर लावलेला तलाव. त्या पाण्यात क्षार, सिलिका आणि ग्रॅनाइटमधलं रेडॉन असू शकतं, ते नाल्यात सोडता येत नाही.
- पायरीपायरीने दाब वाढवण्याची लहान चाचणी आधी उरकलेली. भेगा कोणत्या दाबाला उघडतात हे कळल्याशिवाय मोठा पंप सुरू करायचा नाही.

## टप्पा ७: दुसरी विहीर आणि प्रवाह-चाचणी

दुसरी विहीर पहिलीतून उमटलेल्या हादऱ्यांच्या ढगात, म्हणजे हादरे दाटीने झाले त्या भागात खोदायची. अमेरिकेतल्या फेंटन हिल प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात दोन्ही विहिरी आधी खोदल्या आणि मग भेगा पाडल्या. भेगा अपेक्षित दिशेला गेल्याच नाहीत, विहिरी जोडल्या गेल्या नाहीत आणि एक विहीर वळवून पुन्हा खोदावी लागली.

चाचणी निदान काही आठवडे चालवा. तीन दिवसांच्या चाचणीत विहिरीजवळच्याच खडकाची उष्णता येते. सोबत शोधद्रव्य (पाण्याचा माग काढण्यासाठी मिसळलेला पदार्थ) सोडा. ते फार लवकर आणि एकदम दुसऱ्या टोकाला आलं, तर पाणी एकाच रुंद भेगेतून पळतं आहे. ती भेग लवकर थंड होईल.

हिशेब निव्वळ मांडा. सेकंदाला ५० किलो पाणी १६० अंशांना आलं आणि ६० अंशांना परत गेलं, तर उष्णता २१ मेगावॅट. या तापमानाला विजेत रूपांतर ११ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २.३ मेगावॅट. तेच पाणी १० मेगापास्कल दाबाने परत ढकलायला पंप सुमारे ०.७ मेगावॅट खातो. उरले १.६.

तपासा: किती पाणी आत गेलं आणि किती आलं? दहा टक्क्यांपेक्षा जास्त हरवत असेल तर पाण्याच्या परवानगीचा आकडा पुन्हा काढावा लागेल.

## टप्पा ८: नोंद करणं आणि विहीर बंद करणं

‘साठा’ लिहिताना लोक सगळ्या खडकाची उष्णता मोजतात. एक घनकिलोमीटर ग्रॅनाइट ५० अंशांनी थंड केला, तर सुमारे १.१ गुणिले दहाचा सतरावा घात इतके ज्यूल निघतात. आकडा प्रचंड दिसतो. पण त्यातला दहा टक्केच काढता येईल असं धरलं आणि १० मेगावॅट विजेसाठी १०० मेगावॅट उष्णता लागते असं मानलं, तर हा घनकिलोमीटर साडेतीन वर्षं पुरतो. पुनर्प्राप्तीचा टक्का गृहीत धरला की मोजला, हे त्याच ओळीत लिहा. ऑस्ट्रेलियात २००८ मध्ये आलेली भूऔष्णिक नोंदणी-संहिता अनुमानित, दर्शित आणि मोजलेलं संसाधन वेगवेगळं दाखवायला लावते. तुमच्याकडे असा नियम नसला तरी तीच विभागणी वापरा.

सोडून द्यायच्या विहिरीत सिमेंटचा पहिला बूच भेगांच्या क्षेत्रावर, दुसरा केसिंगच्या बुडाशी आणि तिसरा भूजलाच्या थराखाली घाला. प्रत्येक बूच दाब देऊन तपासा आणि नोंदीवर वेळ लिहा. उथळ बोअरही तळापासून भरून बंद करा. भूकंपमापक मात्र काढू नका. खोलीवरचा दाब ओसरेपर्यंत ते चालू राहायला हवेत, आणि तो खर्च हमी रकमेच्या हिशेबात पहिल्या दिवशीच धरलेला असावा.